समोरच्यापेक्षा स्वस्त

…नाही, पण मला एक सांगा, दुकानावर पाटी असेल 'समोरच्यापेक्षा स्वस्त', आणि समोर कोणी नसेलच, तर माणसाने भाव सांगायचा तरी कसा? हसू नका. आज सकाळचीच गोष्ट. एक गृहस्थ आले, हातात नवी पँट, पाय लांब, नेहमीचंच काम, चार बोटं दुमडायची आणि शिलाई मारायची, डोळे मिटून करेन मी. म्हणाले, "मास्तर, किती घ्याल?" आणि मी, तुम्हाला सांगतो, उत्तर द्यायला तोंड उघडलं, मान वर केली, समोर बघितलं… आणि थांबलो. समोर शटर. खाली ओढलेलं. कुलूप, आणि कुलपावर धूळ. मी आपला बघतोच आहे. ते गृहस्थही मागे वळून बघायला लागले, त्यांना वाटलं तिकडे काहीतरी चाललंय. मग म्हणाले, "काय झालं मास्तर?" म्हटलं, "काही नाही, भाव बघतोय." "कुठे?" आता काय सांगू त्यांना, कुठे! शेवटी म्हटलं, पँट ठेवून जा, संध्याकाळी या, सांगतो. शिंप्याची जात आधीच बदनाम, 'उद्या देतो, परवा देतो', पण काम आत्ता करतो आणि भाव नंतर सांगतो म्हणणारा शिंपी त्या माणसाने पहिल्यांदाच बघितला असणार.

तुम्ही म्हणाल, सगळं आयुष्य धंद्यात गेलं आणि स्वतःचा भाव माहीत नाही? नाही माहीत. खोटं कशाला बोलू? मला समोरच्याचा भाव माहीत होता. म्हणजे, माहीत आहे असं मला वाटायचं, ती भानगड पुढे येईलच. त्याच्यातून थोडं कमी केलं की झाला माझा भाव. मान वर करायची, समोर बघायचं, मग बोलायचं. आता मान वर होते, समोर बघितलं जातं… आणि बोलायला काही नसतं.

आता हा समोरचा कोण? समोरचाच! माझ्या दारासमोर त्याचं दार, मी शिंपी, तो शिंपी, मध्ये रस्ता, आणि रस्ता एवढा अरुंद की त्याचं मशीन मध्येच थांबलं तर मला इथे बसल्या जागी कळायचं, दोरा तुटला. बरं वाटायचं, खरं सांगतो. मी त्याला समोरचा म्हणायचो, तो मला समोरचा म्हणायचा, आईबापांनी ठेवलेली नावं दोघांचीही कपाटात पडून होती. आणि काम? माणूस गेला, आता त्याच्याबद्दल वाईट कशाला बोलायचं… अहो, गेला म्हणजे तसा गेला नाही हो! मुलीकडे राहायला गेलाय. चेहरे सरळ करा. जिवंत आहे, म्हणजे वाईट बोलायला हरकत नाही. तर काम. शिलाई सरळ, मान्य. कॉलर बरी. पण काज? त्याने केलेल्या काजाला बटण लावायचं म्हणजे बटणाला वाट विचारत जावं लागायचं. एक काज पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि मधलं कुठे निघालंय त्याचं त्यालाच माहीत.

तर हे सुरू कसं झालं ते ऐका. एक बाई यायच्या. चष्मा, हातात कापडी पिशवी, आणि बोलणं असं की आपणच त्यांचं काहीतरी लागतोय असं वाटावं. पिशवीतून मुलाच्या शाळेचे गणवेश काढले, मी भाव सांगितला, तर अशी मान तिरकी करून म्हणाल्या, "अय्या, समोर तर कमी घेतात हो!" मी समोर बघितलं. तो आपला मशीनवर वाकलेला, तोंडात टाचण्या, जगाचं काही घेणंदेणं नाही अशा थाटात. म्हटलं, अस्सं? तोंडात टाचण्या आणि पोटात हे? विचारलं, "किती कमी घेतो?" तर म्हणाल्या, "आता नक्की किती ते काय सांगू बाई… पण कमी." म्हटलं, ठेवा, त्याच्यापेक्षा कमी घेतो! आता तुम्ही शहाणी माणसं आहात, तुम्ही म्हणाल, अहो, रस्ता ओलांडायचा, विचारायचं, 'काय रे, किती घेतोस?' विचारायला काय जात होतं? सगळंच जात होतं! विचारलं म्हणजे मला फरक पडतो हे त्याला कळलं. आणि धंद्यात दुसरं काही कळलं तरी चालतं, एवढं कळता कामा नये.

मग काय, सुटलोच. मी शिलाई उतरवली, त्याने उतरवली असं कानावर आलं, मी आणखी उतरवली. भाव उतरायला जागा उरली नाही तेव्हा वरकड सुरू केलं. मी म्हटलं, तुटलेलं बटण फुकट. दुसऱ्या दिवशी समोर बटण फुकट आणि वर एक जादा बटण कागदाच्या पुडीत. मी इस्त्री फुकट. तो इस्त्री करून घरपोच. मी घरपोच, आणि घरात आणखी काही उसवलेलं असलं तर जागच्या जागी टाका. मी गिऱ्हाईकाला खुर्ची दिली, त्याने खुर्चीवर उशी ठेवली. मी दुकानातला एकुलता एक पंखा गिऱ्हाईकाकडे वळवला आणि स्वतः घामाने निथळत बसलो, तर माणसं यायला लागली नुसती पंख्याखाली बसायला! "काय काम आहे?" "काही नाही मास्तर, उकडतंय." आणि गंमत अशी की ती चष्म्यावाली बाई माझ्या पंख्याखाली बसून मला सांगायची, "समोर उशी आहे हो."

मग मी पाटी लावली. रंगारी बोलावला, म्हटलं लाल अक्षरात लिही, 'समोरच्यापेक्षा स्वस्त'. आकडा नको, आकडा लिहिला की समोरचा त्याच्या खाली जाणार. आकडाच नसला तर जाईल कुठे? मला वाटलं, काय डोकं चालवलं आपण! सकाळी पाटी लागली. दुपारी जेवून बाहेर येतो तर रंगाऱ्याची शिडी रस्त्यापलीकडे. तोच लाल रंग, तीच अक्षरं. 'समोरच्यापेक्षा स्वस्त'. मी रंगाऱ्याला गाठलं, "अरे, काय केलंस हे?" तो म्हणाला, "मास्तर, त्यांनी तुमची वाचली आणि म्हणाले, ह्यातलं एक अक्षर बदलू नकोस." वर जाता जाता मला म्हणतो, "आणि त्यांना थोडं कमीत करून दिलं हं. तुमच्यापेक्षा."

गल्लीत एक गणिताचे सर होते, ते एक दिवस भर रस्त्यात उभे, एकदा इकडे बघतायत, एकदा तिकडे, मागे गाड्या भोंगे वाजवतायत. मला म्हणाले, "हा त्याच्यापेक्षा कमी, तो ह्याच्यापेक्षा कमी… मास्तर, याचा शेवट असा की एक दिवस तुम्ही दोघं गिऱ्हाईकाला पैसे द्यायला लागणार." म्हटलं, "सर, समोरच्याने द्यायला सुरुवात केली की सांगा." आमची ही आत बसून बटणं लावत होती, ती म्हणाली, "सर, सुरुवात झालेली आहे. ह्यांना फक्त अजून कळलेलं नाही."

आमची ही! तिच्याकडे दोन कामं, बटणं लावणं आणि मला बोल लावणं. एकदा मी स्वतःसाठी शर्ट शिवला. आता तुम्हाला सांगतो, शिंप्याला जगातल्या सगळ्या माणसांचं माप घेता येतं, एका माणसाचं सोडून. छाती घेता येते, कंबर घेता येते, बाहीसुद्धा कशीबशी घेता येते. पण स्वतःची पाठ? टेपचं एक टोक एका खांद्यावर धरायचं आणि दुसरं दुसऱ्या खांद्यापर्यंत न्यायचं, म्हटलं की हात वर होतात, हात वर झाले की खांदे हलतात, खांदे हलले की माप गेलं. स्वतःची पाठ स्वतःला मिळत नाही. मी अंदाजाने शिवला. घालून बाहेर आलो तर ही म्हणाली, "पाठीवर फुगा आलाय. त्यात गाठोडं मावेल." म्हटलं, "तू घे माप." "मला टेपातलं काही कळत नाही, आणि तुम्ही माझ्यावर ओरडाल." आणि सरळ दारात गेली आणि रस्ताभर ऐकू जाईल असं, "भाऊजी! जरा टेप घेऊन या हो इकडे!"

भाऊजी! मी तिकडे त्याच्या मुळावर उठलोय आणि ही भाऊजी म्हणतेय! आणि तो आला हो. गळ्यात टेप टाकूनच आला. माझ्या मागे उभा राहिला, खांद्यावर बोट ठेवलं, टेप लावला. म्हणाला, "श्वास सोड." म्हटलं, "सोडलाय." "मग हे पोट कोणाचं आहे?" ही आत तोंडाला पदर लावून हसतेय. माप झालं. मग त्याने टेप माझ्या हातात दिला आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. म्हणजे त्याचंही तेच होतं! त्याच्याही पाठीवर फुगा! इतकी वर्षं समोर बसायचा म्हणून मला त्याची पाठ कधी दिसलीच नव्हती.

तेव्हापासून ठरूनच गेलं. वर्षातून एकदा तो यायचा, माझी पाठ घ्यायचा, मी त्याची घ्यायचो. "डावा खांदा उतरलाय तुझा." "तुझी मान पुढे आलीय." "मशीन उंच कर." "खुर्ची बदल." एवढंच बोलणं. त्यात भाव नाही, गिऱ्हाईक नाही. माप झालं की तो रस्ता ओलांडून गेला, आणि रस्ता ओलांडला की पुन्हा समोरचा. आणि एक रीत होती, ती तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्यातला कोणी एखाद दिवस दुकान बंद ठेवणार असला तर शिवून तयार असलेले कपडे गाठोड्यात बांधायचे, समोर नेऊन ठेवायचे आणि दारावर कागद लावायचा, 'उद्या बंद. तयार कपडे समोर मिळतील.' गिऱ्हाईक खोळंबता कामा नये. भांडण आपलं आपल्यात, त्याच्या शर्टाने काय केलंय?

मग ही गेली.

…ही मात्र गेली म्हणजे गेलीच. मुलीकडे वगैरे नाही. मुलगीच नाही आम्हाला, एक मुलगा आहे, तो लांबच्या शहरात असतो. तेव्हा मला दुकानाचं भान नव्हतं. गाठोडं बांधलं नाही, कागद लावला नाही, काही नाही. पुन्हा दुकानात आलो तर बघतो काय, मशीनवर अर्धवट टाकलेलं सगळं काम झालेलं. घड्या घालून रचलेलं. बरेचसे कपडे गिऱ्हाईकं घेऊनही गेलेली. शेजारच्या औषधवाल्याकडे माझी किल्ली असायची, तो म्हणाला, "समोरचे येऊन बसायचे. सकाळपासून तुमच्या मशीनवर." म्हटलं, "आणि त्याचं दुकान?" "बंद ठेवलं होतं." मी तडक रस्ता ओलांडून गेलो. माझं बंद असताना हा बंद ठेवतो? अहो, सोन्यासारखी संधी! सगळी गल्ली त्याच्याकडे गेली असती! म्हटलं, "तू का बंद ठेवलंस? वेडा आहेस का?" तोंडातल्या टाचण्या काढल्या त्याने. म्हणाला, "समोर कोणी नसताना मी कोणापेक्षा कमी घेऊ?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. खरंच वाटलं. मी चिडून परत आलो. आणि पुढे महिनाभर गिऱ्हाईकं मला येऊन सांगतायत, "मास्तर, तुमची काजं बिघडली हो. वाकडी येतात आता." मी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी काज माझ्या नावावर घेतलं आणि गप्प बसलो.

त्यानंतर मात्र, तुम्हाला खरं सांगू? घरात बोलायला कोणी नाही, दुकानात आलं की समोर तो. बोलायचो नाही, पण सकाळी त्याचं शटर वर गेलेलं ऐकलं की मी माझं उघडायचो. त्याने दिवा लावला की मी लावायचो. तो डबा खायला बसला की मला भूक लागायची. आणि भाव तर चालूच होते, उलट आणखी खाली! आता कळतंय, मला गिऱ्हाईक नकोच होतं. गिऱ्हाईकाने विचारावं 'किती घ्याल' आणि मला समोर बघायला मिळावं, एवढंच होतं सगळं.

आणि मग एक दिवस हा सांगतो, मुलगी बोलावतेय, नजर कमी झालीय, सुईत दोरा जात नाही, जातो म्हणून. कसं सांगतो? रस्त्याच्या मधोमध उभा राहून, गणिताचे सर उभे राहायचे तिथे. माझ्याकडे आला नाही, स्वतःकडे थांबला नाही, मधोमध. मी काय बोलावं? मी म्हटलं, "मुलाचं लग्न ठरलंय. कोट शिवायचाय. जायच्या आधी पाठ घेऊन जा." दुसरं काही सुचलंच नाही हो मला. माणूस चाललाय आणि मी त्याला पाठ घे म्हणतो.

आला. गळ्यात टेप. मागे उभा राहिला. आता समोरासमोर असतो तर मी मेलो तरी विचारलं नसतं, पण तो मागे, मी पुढे, तोंडं दिसत नाहीत. मी विचारलं, "काय रे, पँट छोटी करायला तू घ्यायचास तरी किती?" टेप खांद्यावर थांबला. "तुझ्यापेक्षा कमी." म्हटलं, "ते पाटीवर वाचलंय. पण मी किती घ्यायचो ते तुला कोणी सांगितलं?" म्हणाला, "गिऱ्हाईकं सांगायची." "कोण गिऱ्हाईकं?" "एक बाई यायच्या. चष्मा… कापडी पिशवी…" मी मागे न वळता म्हटलं, "'अय्या, समोर तर कमी घेतात हो'?" आणि मागून, अगदी त्याच चालीत, "'आता नक्की किती ते काय सांगू बाई…'" आणि मला मागचा टेप थरथरताना कळला. हसत होता. मीही हसायला लागलो. मग त्याने त्याचा अगदी पहिला भाव सांगितला, मी माझा सांगितला, लढाई सुरू होण्याच्या आधीचा. एकच! एकाच शिलाईला आम्ही दोघं तेवढंच घेत होतो! एका कापडी पिशवीने दोन दुकानं खड्ड्यात घातली, आणि ती बाई काही वाईट नव्हती हो, चार पैसे वाचवत होती बिचारी. आम्ही इतके हसलो, इतके हसलो की त्याच्या हातातला टेप पडला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग माझ्याही, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. तो म्हणाला, "आता नाही होत. टेपावरचे आकडे दिसत नाहीयेत. उद्या सकाळी घेतो पाठ."

सकाळी मी आलो तर शटर खाली. जावई पहाटेच गाडी घेऊन आला म्हणे, त्याला पुढे कामावर पोचायचं होतं. दुकानाची पाटीसुद्धा नव्हती जागेवर. काढून नेलेली, चादरीत गुंडाळून.

आता लग्न तोंडावर आलं. कापड आणून ठेवलंय, चांगलं, जन्मात पहिल्यांदा भाव न करता घेतलेलं. पण पाठ? मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, तयार कोट घ्या ना एखादा." शिंप्याच्या पोटी जन्माला आलेला मुलगा बापाला तयार कोट घ्या म्हणतो! म्हणतो, "इंचभर इकडे तिकडे, कोण बघतंय?" अरे, इंचभर? अर्ध्या इंचासाठी मी लोकांचे कोट पुन्हा उसवलेत! मग औषधवाल्याला बोलावलं. त्याने टेप असा धरला की जणू चावणार आहे. पाठ मोजली आणि जो आकडा सांगितला तेवढी पाठ बैलाची असते. टेप उलटा धरला होता. मग वरच्या मजल्यावरच्या आजी आल्या, त्यांनी प्रेमाने मोजली, सैल सोडून, वर म्हणाल्या, "थंडीत आतून स्वेटर घालता येईल." मग एक गिऱ्हाईक म्हणालं, मी फोनने मोजतो. फोटो काढला माझ्या पाठीचा. माप काही आलं नाही, पण फोटो मला दाखवला. तुम्हाला सांगतो, मी तोपर्यंत माझी पाठ कधी बघितली नव्हती. डावा खांदा उतरलाय. खरंच उतरलाय. दरवर्षी सांगायचा तो, मी म्हणायचो, तुझाच टेप वाकडा आहे.

शेवटी आज दुपारी, सकाळच्या त्या पँटच्या निमित्ताने, त्याला फोन लावला. पँट म्हणजे निमित्तच, तुमच्यापासून काय लपवायचं! तो म्हणाला, "हॅलो." मी म्हटलं, "पँट छोटी करायची आहे. किती घेऊ?" कसा आहेस नाही, काही नाही. तो म्हणाला, "तू किती घेतोस?" "अरे, ते ठरवायलाच तुला विचारतोय!" "आधी तू सांग." "आधी तू." मागून मशीनचा आवाज आला. म्हटलं, "शिवतोयस?" म्हणाला, "हो, पुढच्या खोलीत मशीन टाकलंय. नात दोरा ओवून देते." "आणि पाटी?" "लावलीय." "अरे, पण पाटीवर लिहिलंय समोरच्यापेक्षा… तुझ्या समोर आहे कोण?" म्हणाला, "पाण्याची टाकी." "मग भाव कसा सांगतोस?" "मान वर करतो, समोर बघतो… टाकी दिसते. मग गिऱ्हाईकाला म्हणतो, द्या काय द्यायचं ते." म्हणजे तिकडे तेच! तो तिकडे टाकीकडे बघतोय, मी इकडे शटरकडे!

मग तोच म्हणाला, "पाठ राहिली ना तुझी?" म्हटलं, "राहिली." "कोट शिवलास?" "पाठीवाचून कसा शिवू?" म्हणाला, "ये इकडे. घेतो. माझीही घे, नात म्हणते शर्टाला मागे फुगा येतो." म्हटलं, "येतो. उद्याच निघतो." ठेवताना म्हणाला, "आणि येताना बारीक सुया आण, इथल्या जाड आहेत, काज नीट येत नाही." सुया जाड आहेत म्हणे! सुया बारीक होत्या तेव्हा कोणाची काजं वाकडी होती?

तर उद्या जायचं. एक दिवस जायला, एक यायला. उत्साहाने उठलो, हाताने कागद लिहिला, दारावर चिकटवला. तयार कपडे काढले, घड्या घातल्या, गाठोडं बांधलं, गाठ मारली, खांद्यावर टाकलं आणि रस्ता ओलांडला. ओलांडला हो, सरळ, सवयीने. आणि शटरसमोर उभा राहिलो. कुलूप. धूळ. मागे औषधवाला म्हणतोय, "मास्तर, ते बंद आहे." म्हटलं, माहितीये रे बाबा मला. माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? वळून बघितलं तर माझ्या दारावर माझ्याच अक्षरात, 'उद्या बंद. तयार कपडे समोर मिळतील.' तिथून माझं दुकान कसं दिसतं ते पहिल्यांदाच बघितलं. इथून रोज तो मला बघायचा. बरं दिसतं. पंखा तेवढा वाकडा आहे.

आलो परत गाठोडं घेऊन. आता तुम्हीच सांगा, पाठ घ्यायला त्याच्याकडे जायचं तर दुकान बंद ठेवायला पाहिजे, आणि दुकान बंद ठेवायचं तर समोरचं उघडं पाहिजे! औषधवाला म्हणतो, ठेवा माझ्याकडे. नको. मागच्या वेळी त्याने खोकल्याच्या औषधाबरोबर कोणाची तरी बाही बांधून दिली होती. आणि संध्याकाळ झाली, तो पँटवाला येईलच आता, विचारेल 'किती', आणि माझी मान आपोआप वर जाणार, समोर बघणार…

म्हणून म्हणतो, तुमच्यापैकी कोणी दोन दिवस समोर बसाल का? त्याच्या शटरची किल्लीही तो जाताना औषधवाल्याकडेच ठेवून गेलाय. खुर्ची देतो, उशी देतो, पंखा तुमच्याकडे वळवतो. कोणी भाव विचारला तर माझ्यापेक्षा कमी सांगायचा, एवढंच काम. शिवता येत नसलं तरी चालेल हो… त्याला तरी कुठे काज येत होतं!